नदीचा वाटा

"एक थेंब जरी आत आला, तरी ही मिशी उतरवून ठेवीन!"

हे वाक्य ओबय्या कुंदर नुसतं कुजबुजला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण कुजबुजणं त्याच्या गळ्याला ठाऊकच नव्हतं. वाऱ्याच्या वरताण ओरडण्यात ज्याची उभी हयात गेली, त्यानं घरात मीठ मागितलं तरी ते पलीकडच्या घरात ऐकू जाई. त्यामुळे तेंकुकोडीच्या नदीकाठी जाळी दुरुस्त करत बसलेल्या प्रत्येकानं ते वाक्य ऐकलं, जाळी बाजूला ठेवली आणि खेळ सुरू व्हायच्या आधी बसतात तसे सगळे ऐसपैस मांडी घालून बसले.

होडी पाण्यात ढकलली. ताज्या तेलानं तिचं अंग काळं चकचकीत झालं होतं. ती अशा डौलानं सरकली की बसलेल्यांतल्या एकानं चक्क टाळी वाजवली. ओबय्या मधोमध उभा, कमरेवर हात, मिशीचं टोक वर. वल्ह्याचे चार हात मारून तो नदीच्या मध्यावर गेला आणि तेवढ्यात त्याच्या तळपायांना गार लागलं.

त्यानं खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर काठावरच्यांना कळलं असतं. तो समोर माडांच्या शेंड्यांकडे बघत राहिला. पाणी बोटांवर आलं, घोट्यावर आलं, त्यात तरंगत आलेली नारळाची करवंटी पोटरीला येऊन लागली, तरी हा माणूस माडच बघतोय.

काठावर त्याची बायको अप्पी उभी होती. बाजारात मासळी विकून नुकतीच परतली होती. रिकामी टोपली अजून डोक्यावर होती.

"अहो," तिनं हाक मारली, "मिशी आज काढताय की उद्या? आज न्हावी बाजारात बसलाय, मला दिसला म्हणून विचारते!"

काठ हसून हसून लोळला. ओबय्यानं करवंटी उचलली आणि दात आवळून पाणी उपसायला लागला.

होडी ओबय्याची, पण गाव तिला दूमामाची होडी म्हणे. दूमामा म्हणजे ओबय्याच्या आईचा भाऊ. त्याच्याकडून ती भाच्याकडे आली. या लोकांत घर तसंच येतं, घरातलं दैवत तसंच येतं आणि मामा तापट असला तर रागही तसाच येतो. ओबय्याला तिन्ही मिळालं होतं. होडी लहान, पाच-सहा माणसांची, पण गावची रापण टाकायचा मान तिचा होता. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर धरून अख्खं गाव उभं राही. होडी समुद्रात मोठा वळसा घेऊन जाळं सोडत जाई आणि लांब दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागे. मग दोन्हीकडून सगळ्यांनी ओढायचं. त्या वळशात होडीच्या मागच्या टोकावर उभं राहून जाळं हातातून सोडणारा माणूस एकच असे. गावाच्या सगळ्या नजरा त्या एका पाठमोऱ्या माणसावर. आधी तो दूमामा होता, त्याच्यानंतर ओबय्या. ज्यांनी कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं असेल त्यांना मी काही सांगायला नको. ती जागा एकदा मिळाली की माणूस मेला तरी आपण होऊन सोडत नाही.

नियम जुना होता. गणेशचवतीनंतर समुद्र निवळला की पहिली रापण. ती जी होडी टाकील, तीच वर्षभर टाकणार. पहिल्या रापणीचा पहिला मासा तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, ठेवायचा. आजवर या नियमाची आठवण कुणाला काढावी लागली नव्हती, कारण दुसरी होडी मध्ये आलीच नव्हती. यंदा आली होती. दामोदर सालियाननं फायबरची नवी होडी आणली होती, पांढरीशुभ्र, मागे छोटं इंजिन. ओबय्या तिला प्लास्टिकची बादली म्हणत असे, तेही दामोदरच्या तोंडावर.

"बादली तर बादली, ओबय्यण्णा," दामोदर हसून म्हणे, "पण बादली गळत नाही."

तो हसायचा ते वाईट हेतूनं नव्हे. ओबय्याला तेच जास्त झोंबे.

गळतीची गोष्ट माघात सुरू झाली होती. आपल्याच ओटीवर घसरून ओबय्याचा घोटा मोडला. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागली. ऐन हंगामात ती अशी बसून राहिल्याचं त्याला इतकं लागलं की निदान तिला चांगलं छप्पर तरी करू, असं त्यानं ठरवलं. त्याच सुमाराला शेजारच्या गावात तंबूत यक्षगानाची नाटकं करणारा एक मेळ बंद पडला आणि त्याच्या थिएटरचे पत्रे विकायला निघाले. लहानपणी त्या पत्र्यांमागे लपून फुकट खेळ बघितलेले, त्यामुळे ओबय्या पत्रे बघूनच हळवा झाला. एका पत्र्यावर रंगवलेल्या राक्षसाचा अर्धा चेहरा अजून होता, एक डोळा आणि निम्मी मिशी. तो पत्रा त्यानं मुद्दाम मध्यभागी लावला. वर्षानुवर्षं होडीवर असायचं ते झावळ्यांचं गळकं छप्पर काढून टाकलं. खाली समुद्राची ओली वाळू असायची, तिच्या जागी चिऱ्यांचा कोरडा ओटा केला. राजवाडाच म्हणा ना.

वैशाखात काठी टेकत तो होडीपाशी गेला तर फळ्याफळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. ओबय्याच्या अंगातला मामा जागा झाला. कापसाचे पीळ राळेत आणि तेलात बुडवून त्यानं फटींत घातले आणि पटाशी लावून लाकडी हातोड्यानं ठोकले. एक पीळ बसला की दुसरा, दुसरा बसला की तिसरा. मोडक्या घोट्याचा, बुडालेल्या हंगामाचा, दामोदरच्या हसण्याचा सगळा राग त्या हातोड्यात उतरला. वरून तारली माशाच्या तेलाचे हातावर हात दिले. आणि शेवटी, दरवर्षी पाऊस लागायच्या आधी करायचा तसा, 'नदीचा वाटा' दिला. म्हणजे नदीची एक कळशी नाळेवर ओतली आणि जास्वंदीचं फूल ठेवलं.

हा वाटा दूमामाचा. मामा दर उन्हाळ्याच्या अखेरीला होडी दगड भरून सरळ नदीत बुडवून ठेवी. कुणी का म्हणून विचारलं तर एवढंच म्हणे, "नदीचा वाटा नदीला द्यायचा असतो." ती परत वर काढायचं काम तरुण ओबय्याच्या वाट्याला यायचं. कमरेएवढा चिखल, जळवा, कुजकट वास. मामा गेल्यावर ओबय्यानं पहिलं काय केलं असेल, तर हा वाटा कळशीवर आणला. देवाला मोठा अभिषेक झाला नाही तर पळीभर पाणी चालतं, मग नदीला का चालू नये? आणि चाललं की! इतकी वर्षं होडी एका थेंबानं गळली नव्हती.

यंदा मात्र ती चाळणीसारखी गळत होती.

पाऊस ओसरल्यावर घडलेल्या त्या मिशीच्या प्रसंगानंतर ओबय्यानं होडी काठावर ओढली, पालथी घातली आणि गळती शोधली. जिथून पाणी आलं तिथे आणखी पीळ ठोकले. दुसऱ्या दिवशी पाण्यात घातली तर ती जागा कोरडी आणि शेजारची फट उघडलेली. तिथे ठोकलं, तर त्याच्या पलीकडची उघडली.

"हिला नवी फट कुठून सुचते रोज?" तो अप्पीवर ओरडला.

"माझ्यावर काय ओरडता? मी सुचवली नाही." अप्पी चुलीपाशी बांगड्याचं कालवण ढवळत होती. "भाताची गंजी गार होतेय. फटीत कोंबता तेवढ्या हौसेनं पोटात पण थोडं कोंबा."

आणि वर तो समुद्र! रापणीचा प्रमुख मोनप्पा पुत्रन रोज पहाटे किनाऱ्यावर जाई, लाटा बघे आणि सांगे, "आज नाही." म्हातारा, मोजकं बोलणारा. त्याचं 'आज नाही' ऐकून गाव हिरमुसे आणि एकटा ओबय्या सुटकेचा श्वास सोडी. अख्खं गाव समुद्र निवळावा म्हणून नारळ वाहत होतं, आणि हा मनातल्या मनात त्याला म्हणत होता, खवळ की रे अजून चार दिवस, तुझं काय जातं?

दामोदर एकदा कापसाची नवी लड घेऊन आला. "ओबय्यण्णा, मी धरतो, तुम्ही ठोका."

"तुझ्या बादलीला भोक पडलंय का? तिकडे जा, तिला ठिगळ लाव."

"बरं, जातो. कापूस ठेवून जाऊ?"

"ठेव," ओबय्या गुरगुरला. कापूस मात्र वापरला. सगळा वापरला.

मग त्यानं शेवटचा उपाय केला. इंचाइंचावर पीळ ठोकले, इतके घट्ट की पटाशीचं टोक वळलं. होडी नदीत नेऊन खुंट्याला बांधली आणि अप्पीला सांगितलं, "आता राहू दे पाण्यातच. बघतो कशी गळते ती." आणि खरोखर, सकाळभर ती गळली नाही. ओबय्या काठावर बसून तिच्याकडे बघत राहिला. दुपारी गंजीचा पहिला घास तोंडाशी नेला असेल नसेल, नदीकडून काडकन आवाज आला. सुकी फांदी मोडते तसा.

तो पान टाकून धावला. होडीची बाजूची एक फळी खिळे उपटून बाहेर आली होती, वाकून, धनुष्यासारखी. आत पाणी भरत होतं. लोकांच्या मदतीनं ओबय्यानं होडी काठावर घेतली.

त्यानं त्या उघड्या फटीतला पीळ नखानं ओढून बघितला. निघेना. दगड झाला होता. दोन्ही बाजूंच्या फळ्यांनी तो असा चेपला होता की दिव्याच्या वातीएवढा उरला होता. ओबय्यानं फळीवर तळवा ठेवला. लाकूड फुगलेलं होतं, भरलेलं, ओलं. तळवा तसाच ठेवून तो तिथेच खाली बसला.

फटी होडीला पडल्याच नव्हत्या. तिला तहान लागली होती. पत्र्याखाली, कोरड्या चिऱ्यांवर, माघापासून ती भाजत होती, आकसत होती. पाणी मिळालं असतं तर फुगून तिनं आपल्या फटी आपणच मिटवल्या असत्या. पण त्या जागेत यानं राळ आणि कापूस ठासून ठेवला होता. लाकडानं पाणी पिऊन पसरायचं कुठे? एकीकडे जागा मिळेना म्हणून शेजारची फळी ढकलली, तिथेही कापूस. शेवटी फळीनं खिळेच सोडले. आणि इतकी वर्षं जी एक कळशी पुरली, ती कळशी पुरली नव्हतीच मुळी. पावसाळ्याचे दोनच महिने होडी जमिनीवर असायची, आणि खालची ओली वाळू आणि वरच्या झावळ्यांतून टपकणारा पाऊस बाकीचा वाटा गुपचूप भरत होते. तेवढं तर त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

"मामा," तो मोठ्यानं म्हणाला, "एवढं तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुला?"

अप्पी शेजारी येऊन उभी होती.

संध्याकाळी मोनप्पा आला. होडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "ओबय्या, उद्या समुद्र देणार. पहाटे रापण."

नको तेव्हाच समुद्राला शहाणपण सुचलं होतं.

"फळीवर पत्रा मार," मोनप्पा पुढे म्हणाला. "एक माणूस डबा घेऊन पाणी उपसेल. वळसा पुरा झाला की झालं. मान तुझा राहील."

मागे दामोदर उभा होता. घसा खाकरून तो म्हणाला, "आणि मोनप्पण्णा, माझं इंजिन पण जरा कुरकुर करतंय. उद्या चालेल असं वाटत नाही."

"सकाळी तर बोंबलत गेला होतास ना रे नदीतून!" ओबय्या उसळला. "तेव्हा बरं चाललं? मला दया दाखवतोस, बादलीवाल्या?"

"दया कुठे, कुरकुरतंय म्हटलं."

ओबय्यानं होडीकडे बघितलं. पत्रा मारला असता, उद्याचा वळसा झालाही असता. जाळ्याचं ओझं, वरून लाटा. अजून प्रत्येक फटीत दगड झालेला कापूस होता, आणि पाण्यात गेली की प्रत्येक फळी आज ना उद्या तशीच उडणार होती. फार तर एक रापण मिळाली असती आणि होडी गेली असती. होडी वाचवायची तर सगळा कापूस काढायचा आणि मामासारखं नदीत निजवायचं, तिचं पोट भरेपर्यंत. मान आणि होडी दोन्ही राहत नव्हतं.

"अप्पी, पटाशी आण," तो म्हणाला. आणि मोनप्पाकडे न बघता, "दामूचं इंजिन चांगलं आहे. त्यालाच सांगा."

अंधार पडेपर्यंत तो कापूस उपसत होता. घालताना जितका राग लागला होता त्याच्या दुप्पट काढताना लागला. एकेक पीळ काढून तो एक शिवी देई आणि अप्पी तो टोपलीत टाकी. दामोदरनं फळी धरली, ओबय्यानं तांब्याचे खिळे मारून ती जागेवर बसवली आणि फटींत कापूस नुसता सैल सोडला. मग तिघांनी होडीत जांभ्याचे चिरे भरले, त्याच नव्या ओट्याचे. नदीत कमरेएवढ्या पाण्यात नेऊन ओबय्यानं आपल्या हातानं तिची कड दाबली. बुडबुडे आले, होडी कलली आणि सावकाश खाली बसली. वर उरलं फक्त नाळेचं टोक, वीतभर.

"बायको माहेरी सोडून आल्यासारखं तोंड करू नका," अप्पी म्हणाली. "चला घरी."

पहाटे किनाऱ्यावर ओबय्या आला तो बिनमिशीचा. दिला शब्द पाळायला त्यानं स्वतःच वस्तरा चालवला होता. वरच्या ओठाची ती कातडी किती वर्षांत कुणी बघितली नव्हती. मुकुट उतरवलेला राजा पडद्यामागे दिसावा, तसं त्याच्याकडे बघताना लोकांना चोरट्यासारखं वाटलं. त्यानं कुणाला हसायची संधीच दिली नाही, सरळ जाऊन दोर धरला, सगळ्यांच्या रांगेत.

दामोदरची पांढरी होडी वळसा घेत निघाली. मागच्या टोकावर उभा राहून दामोदर जाळं सोडत होता.

"हळू! अरे, हळू सोड!" ओबय्या किनाऱ्यावरून ओरडला. "डावा पाय मागे घे! मागे!"

"त्याला ऐकू जात नाही," शेजारचा म्हणाला.

"मला ठाऊक आहे!" ओबय्यानं त्यालाच झापलं आणि ओरडत राहिला. दामोदर नीट सोडत होता. तेही सहन होत नव्हतं.

रापण बरी लागली. तारली, थोडे बांगडे. मोनप्पानं त्यातला एक सुरेख बांगडा निवडला आणि दामोदरच्या होडीच्या नाळेवर ठेवला. बांगडा घसरून वाळूत पडला. दामोदरनं तो उचलून परत ठेवला, परत पडला. ती गुळगुळीत पांढरी नाळ, तिच्यावर माशी तरी टिकली असती का!

"मोनप्पण्णा," दामोदर डोकं खाजवत म्हणाला, "आमच्या बादलीला नाळच नाही धड. मासा कुठे ठेवायचा? नियम तर पाळायला हवा."

मोनप्पानं त्याच्याकडे बघितलं, ओबय्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. "नाळेवर ठेवायचा एवढाच नियम आहे. कुठल्या नाळेवर, ते तू बघ."

दामोदर बांगडा घेऊन नदीकडे चालू लागला. मागून अर्धा गाव. ओबय्या "अरे ए, काय चालवलंयस, खेळ आहे काय हा?" म्हणत लंगडत मागे. दामोदर पाण्यात उतरला आणि पाण्याबाहेर आलेल्या त्या वीतभर टोकावर त्यानं तो बांगडा हलकेच ठेवला. जुनं खरबरीत लाकूड, मासा बसला. ओबय्याचा तो नवा उघडा ओठ थरथरला.

तेवढ्यात माडावरून एक घार सुटली, बाणासारखी आली आणि बांगडा घेऊन गेली.

"अगं ए!" ओबय्या गुडघाभर पाण्यात धावला, मुठी उगारून. "माझा आहे तो! टाक खाली! इतकी वर्षं मी... टाक, चोरटे!"

हसता हसता मोनप्पानं देखील डोळे पुसले.

काही दिवसांनी होडी वर काढली तेव्हा चिखल होता, जळवा होत्या, कुजकट वास होता, सगळं मामाच्या वेळचं. धुऊन, सैल कापूस नीट बसवून, पाण्यात सोडून ओबय्या तिच्यात बसला. दुपार टळेपर्यंत नदीच्या मध्यावर बसून होता. मधूनमधून वाकून तळाशी तळवा फिरवी. तळवा कोरडा. कोपऱ्यात फिरवी. कोरडा. त्या फळीवर फिरवी. कोरडा.

"आता!" तो होडीवर ओरडला. "आता सुचलं तुला! आता गळ की! वर्षभर रापण त्या बादलीवर, आणि तू आता कोरडी!"

काठावर अप्पी टोपली घेऊन उभी होती. "कुणाशी भांडताय?"

"हिच्याशी. गळत नाही मेली."

राजवाडा दुसऱ्याच दिवशी मोडला. पत्रे अप्पीच्या सुक्या मासळीच्या मांडवावर गेले. राक्षसाच्या अर्ध्या डोळ्याला घाबरून म्हणे मांजरं तिकडे फिरकत नाहीत. होडीच्या जागी पुन्हा ओली वाळू आली आणि वर झावळ्या. ओबय्या रोज गळ घेऊन जवळच मासेमारी करतो आणि रापण असली की दोर धरून दामोदरवर ओरडतो. मिशी निम्मीशी आलीय. संध्याकाळी परतला, होडी वाळूवर ओढली की नदीच्या कळश्या आणून तिच्यात ओततो, आणि तोंडानं चालू असतं, "घे, पी. पी तुझा वाटा. पुन्हा म्हणू नकोस कमी पडला म्हणून."

"दिलात का वाटा?" अप्पी चुलीजवळून विचारते.

"दिला."

"मग या, गंजी वाढते."

तो पानावर बसतो, घास उचलतो, थांबतो, उठतो आणि आणखी एक कळशी ओतून येतो.